प्रायश्चित्ताची मुखत्यारी

मुंग्यांच्या बिळापाशी चिमूटभर साखर टाकून मग स्वतःच्या न्याहारीस बसणारे वृद्ध गृहस्थ महाराष्ट्रात अजूनही गावोगाव आढळतात, आणि आपल्या या कृतीत काही गहन तत्त्वज्ञान आहे असे त्यांना स्वतःलाही वाटत नसते. भूतमात्राविषयी जी एक मंद, अबोल, परंतु पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिलेली दया आपल्या समाजात वसत आली आहे, तिचे ते नित्याचे आचरण असते, इतकेच. अशा गृहस्थाला जर कोणी सांगितले की, प्रशांत महासागरातील एका निर्जन अभयारण्यात काही सुशिक्षित आणि कोमल मनाची तरुण मुले सहा-सहा महिन्यांच्या मुदतीने जाऊन राहत, गोड पाकात आणि मांसल खाद्यात विष कालवीत, ते मुंग्यांच्या वाटांवर पसरीत, आणि बेटावरील शेवटची मुंगी मरेपर्यंत हे काम एकामागून एक आलेल्या तुकड्यांनी वर्षानुवर्षे चालविले, तर त्याच्या मनात प्रथम जुगुप्सा आणि मागाहून कोडे उत्पन्न होईल. प्राण्यांच्या रक्षणासाठी ज्याने आपले तारुण्य वेचावयाचे ठरविले, त्याच्याच हातून जी हिंसा बुद्धिपुरस्सर घडते, तिची नोंद आपल्या धर्मविचाराच्या कोणत्या रकान्यात करावयाची, हा प्रश्न मला त्या बेटापुरता किंवा त्या देशापुरता वाटत नाही, आणि म्हणूनच त्याची थोडी विस्ताराने छाननी करण्याचे योजिले आहे.

ज्या बेटाची ही हकीकत आहे त्याचे नाव जॉन्स्टन. होनोलुलूच्या नैर्ऋत्येस सुमारे १,३०० किलोमीटरवर असलेले हे प्रवाळद्वीप अमेरिकेचे अध्यक्ष कूलिज यांनी १९२६ साली हुकूम काढून पक्ष्यांचे आश्रयस्थान म्हणून राखून ठेविले. परंतु १९३४ साली त्यावर आरमाराचाही अंमल बसला, आणि त्यानंतरच्या सत्तर वर्षांत या कागदोपत्री अभय मिळालेल्या भूमीवर जे जे घडले ते वाचताना मन विषण्ण होते. प्रवाळ खणून आणि भर घालून मूळच्या बेटाचे क्षेत्र दहा पटींहून अधिक वाढविण्यात आले, दोन नवी बेटे सर्वस्वी माणसाच्या हातांनी उभी राहिली, मध्यभागी विमानांसाठी धावपट्टी झाली. १९५८ आणि १९६२ या वर्षी येथून अण्वस्त्रे आकाशात सोडण्यात आली, आणि त्यांपैकी एक उड्डाणतळावरच नष्ट झाल्यामुळे प्लुटोनियमचे कण तेथील मातीत मिसळले. व्हिएतनामच्या युद्धात उरलेल्या ‘एजंट ऑरेंज’ या वनस्पतिनाशकाची पिंपे १९७२ पासून पाच वर्षे येथे पडून होती. ओकिनावाहून हलविलेली विषारी वायूंची अस्त्रे येथेच साठविली गेली, आणि १९९० ते २००० या काळात येथील भट्ट्यांत ती जाळण्यात आली. पुढे २००४ च्या सुमारास लष्कराने आपला मुक्काम हलविला, इमारती पाडल्या गेल्या, आणि मागे उरलेल्या झुडपांच्या सावलीत समुद्रपक्षी पूर्वीप्रमाणे अंडी घालू लागले. मनुष्याने एवढा उच्छाद मांडूनही त्या पाखरांनी ती जागा टाकली नाही, यात त्यांचा क्षमाशीलपणा पाहणे हा कविमनाचा विलास होईल, कारण त्यांना जाण्यास दुसरी जागाच शेकडो मैलांत नव्हती, हेच त्याचे खरे कारण आहे.

जानेवारी २०१० मध्ये या बेटावर एक नवी मुंगी आढळली. इंग्रजीत जिला ‘यलो क्रेझी अँट’, म्हणजे पिवळी वेडी मुंगी, म्हणतात ती ही जात भारतातही ठिकठिकाणी सापडते. लांब पायांची, चाहूल लागताच दिशाहीन सैरावैरा धावणारी, एकाच वसाहतीत अनेक राण्या बाळगणारी, आणि वसाहतींमध्ये आपसांत वैर नसल्यामुळे पाहता पाहता सगळा मुलूख व्यापून टाकणारी. ती डंख करीत नाही. फॉर्मिक आम्लाचा फवारा उडविते. जॉन्स्टनच्या सुमारे तीस हेक्टर जागेत तिचा फैलाव झाला होता, आणि त्या जागेत जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची जी अवस्था झाली ती समजण्यासाठी लाल शेपटीच्या ट्रॉपिकबर्डची शरीररचना ध्यानात घ्यावी लागते. या पांढऱ्याशुभ्र पक्ष्याचे पाय शरीराच्या इतके मागे बसविलेले असतात की जमिनीवर त्याला धड चालताही येत नाही. झुडपाच्या बुडाशी पोट टेकून तो एकुलते एक अंडे उबवितो, आणि संकट आले तरी बहुधा जागचा हलत नाही. निसर्गाने समुद्रावरील उड्डाणासाठी दिलेली ही देहयष्टी अशा शत्रूपुढे सर्वस्वी निरुपयोगी ठरली. आम्लाने डोळे सुजले, काही पक्षी आंधळे झाले, चोचीची आणि पायांची त्वचा विद्रूप झाली, आणि जे वाचले ते मुंग्यांचा मुलूख सोडून उरलेल्या जागेत दाटी करू लागले. मुंगी समुद्र ओलांडून तेथे आपल्या पायांनी आलेली नव्हती. कोणत्या तरी जहाजाच्या किंवा विमानाच्या सामानातून, कोणाच्याही ध्यानी न येता, माणसानेच तिला तेथे नेऊन सोडले होते, कारण अशा बेटावर पोहोचण्याचा दुसरा मार्ग तिला नाही.

मग त्या बेटावर एक शिबंदी नेमण्यात आली. जुन्या मराठी राज्यात किल्ल्याच्या बंदोबस्तासाठी ठराविक मुदतीपुरती माणसे ठेवीत, ज्यांना ना कायम वतन होते ना दरबारी मानमरातब, तशीच ही माणसे होत: प्राणिशास्त्राच्या पदव्या घेतलेली, बहुतेक विशी-तिशीतली, कोणी अल्प वेतनावर तर कोणी केवळ निर्वाहभत्त्यावर आलेली, आणि मुदत संपताच पुन्हा दुसऱ्या कोणत्या तरी रानात किंवा बेटावर हंगामी काम शोधावयास मोकळी होणारी. सुमारे पाच जणांची एक तुकडी जहाजाने येई, सहा महिन्यांची रसद उतरवून घेई, आधीची तुकडी त्याच जहाजाने परते, आणि मग पुढच्या जहाजापर्यंत त्यांच्या आणि उर्वरित मनुष्यजातीच्या मध्ये पाण्याखेरीज काही उरत नसे. दुकान नाही, दवाखाना नाही, नळ नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये वालाका नावाचे चक्रीवादळ चालून आले तेव्हा तेथील चार जणांना तटरक्षक दलाच्या विमानाने घाईघाईने हलवावे लागले होते. रोजचे काम मात्र अत्यंत निरस. झुडपांच्या रांगांतून आखून दिलेल्या रेषेवर चालावयाचे, ठराविक अंतरावर आमिष ठेवावयाचे, काही वेळाने पुन्हा त्याच रेषेवरून येऊन मुंग्या जमल्या आहेत काय हे पाहावयाचे, जमल्या असतील तेथे विष पेरावयाचे; मधल्या काळात गुडघ्यांवर रांगत झुडपाखालची घरटी तपासावयाची, अंडे आहे की पिल्लू हे लिहावयाचे, पिल्लाच्या पायात क्रमांक कोरलेले कडे चढवावयाचे, आणि आईबापांच्या चोचीचे तडाखे हातांवर सोसावयाचे. या सर्वांची नोंद रोजच्या रोज कागदावर उतरे. डिसेंबर २०१७ नंतर बेटावर एकही मुंगी दिसली नाही. तरीही शोध थांबला नाही, आणि जून २०२१ मध्ये बेट मुंगीमुक्त झाल्याचे जाहीर होईपर्यंत, म्हणजे साडेतीन वर्षे, जे नाही ते खरोखरच नाही ना हे पाहण्यात कित्येक तरुणांनी आपला हंगाम घालविला आणि रकान्यामागून रकान्यात शून्य लिहिले. ट्रॉपिकबर्डच्या जगातील सर्वांत मोठ्या वसाहतींत आज जॉन्स्टनची गणना होते.

हा शेवट इतका सुखद आहे की त्याच्या आनंदात मूळ प्रश्न विसरून जाण्याचा मोह व्हावा. परंतु फळ चांगले आले म्हणून कर्म निर्दोष ठरते असे मानण्याची आपल्या विचारपरंपरेची वहिवाट नाही. ज्या मुंग्या मेल्या त्यांची संख्या कोणी मोजलेली नाही आणि मोजता येणेही शक्य नाही, पण वाचलेल्या पक्ष्यांच्या कित्येक पटींनी ती अधिक असणार यात संशय नाही. जिवास जीव तोलावयाचा असा हिशेब मांडला तर मुंग्यांचे पारडे जमिनीला टेकेल. तेव्हा या कामाचे समर्थन करणारा पुरुष हिशेबाचे एकक बदलतो आणि म्हणतो की, आम्ही जीव मोजीत नाही, जाती आणि वसाहती मोजतो. मुंगीची जात जगात कोठेही धोक्यात नाही, उलट या बेटावरील पक्ष्यांना शेकडो मैलांत दुसरा थारा नाही. शास्त्रदृष्ट्या हे बिनचूक आहे, आणि शासनाने आपले धोरण याच पायावर आखावे हे योग्यही आहे. पण वेदना जातीला होत नाही. वेदना होते ती त्या त्या जीवाला. पिवळ्या मुंगीची जात पृथ्वीवर सुखरूप नांदत आहे हे सत्य आहे, आणि जॉन्स्टनवर विष खाऊन मेली ती मुंगी मेलीच, हेही तितकेच सत्य आहे. एका सत्याने दुसरे खोडून निघत नाही. ती दोन्ही एकाच वहीत समोरासमोर लिहिलेली राहतात.

दुसरे समर्थन जुने आणि अधिक भारदस्त आहे. महाभारताच्या वनपर्वात मिथिलेचा धर्मव्याध आपल्याकडे आलेल्या तपस्वी कौशिकाला समजावून सांगतो की, नांगर धरणारा शेतकरी मातीतील असंख्य जीव मारतो, चालणाऱ्याच्या पावलाखाली जीव चिरडले जातात, धान्याच्या दाण्यातही जीव आहे, आणि म्हणून देह धारण करून सर्वथा अहिंसक राहिलेला मनुष्य जगात दाखविता येणार नाही. मांसविक्रीच्या दुकानात बसलेल्या पुरुषाच्या तोंडी महाभारतकारांनी ही मीमांसा घातली, यातच तिचे गांभीर्य आहे. तथापि धर्मव्याध ज्या हिंसेविषयी बोलतो ती जगण्याच्या ओघात घडणारी, टाळू म्हटले तरी न टळणारी हिंसा होय. शेतकऱ्याचा हेतू धान्याचा असतो, किड्यांचा मृत्यू हा त्याचा आनुषंगिक परिणाम. जॉन्स्टनवरील तरुणाची गोष्ट निराळी आहे. मुंगीचा मृत्यू हाच त्याच्या कामाचा उद्देश आहे. शेवटची मुंगी जिवंत राहिली तर त्याचे काम अपुरे राहिले असे ठरणार आहे. अपरिहार्यतेच्या पांघरुणाखाली ही हिंसा पुरती मावत नाही.

या प्रश्नाच्या अधिक जवळ जाणारा वाद आपल्याकडे १९२६ साली झाला. अहमदाबादेतील एका गिरणीमालकाने पिसाळलेल्या कुत्र्यांच्या भयाने साठ भटकी कुत्री मारविली, आणि जीवदयेविषयी अत्यंत हळव्या असलेल्या त्या शहरात प्रक्षोभ उसळला असता गांधीजींनी ते कृत्य प्राप्त परिस्थितीत अटळ होते असा निर्वाळा दिला. ‘यंग इंडिया’मध्ये त्यांनी या विषयावर जी लेखमाला लिहिली, तिच्यासाठी त्यांना संतप्त पत्रांचा भडिमार सोसावा लागला. परंतु त्या लेखांतील मला विशेष मोलाचा वाटणारा मुद्दा मारण्याच्या समर्थनाचा नाही. कुत्र्याला रस्त्यावर तुकडा टाकावयाचा, त्याची जबाबदारी मात्र कोणी घ्यावयाची नाही, ही दया नसून दयेचा आभास आहे, आणि भटके कुत्रे हे त्या समाजाच्या अज्ञानाचे व आळसाचे चिन्ह आहे, असे त्यांनी बजावले. म्हणजे ज्या दिवशी ती कुत्री मारली गेली त्या दिवसाच्या कितीतरी आधी, ज्यांनी ती परिस्थिती निर्माण होऊ दिली त्यांच्या निष्काळजीपणात हिंसेचे मूळ होते. हा विचार पत्करला की प्रश्नाचे तोंडच फिरते. मुंग्या मारणाऱ्या तरुणाने पाप केले काय, हे विचारण्यापूर्वी, त्या मुंग्या मरणाच्या दारी आणून सोडणारा कोण, हे विचारणे प्राप्त होते.

येथे शिबी राजाची कथा आठवणे अपरिहार्य आहे. ससाण्याच्या भयाने मांडीवर येऊन पडलेल्या कबुतराला राजाने अभय दिले. ससाण्याने न्याय्य प्रश्न केला की, त्याला अभय देताना माझ्या तोंडचा घास तू काढून घेतोस, त्याचे काय. आणि राजाने स्वतःच्या देहाचे मांस तराजूत घालून त्या प्रश्नाचे उत्तर दिले. दोन जीवांच्या मध्ये जो पडतो त्याने आपल्या हस्तक्षेपाची किंमत तिसऱ्याकडून वसूल करू नये, स्वतः मोजावी, हे या कथेचे मर्म आहे. बेटावरील तरुण मुंगीला आपले मांस देऊ शकत नाही. पण हस्तक्षेपाची काही किंमत तो अवश्य देतो, आणि ती त्याच्या आयुष्यातील दिवसांनी देतो. शिबीशी त्याचे साम्य येथपर्यंतच पोहोचते, कारण शिबीने ससाण्याला बोलाविले नव्हते, आणि येथे मात्र मुंगी आणि पक्षी यांची गाठ माणसानेच घालून दिली आहे. अपराध ज्याच्या पदरात आहे त्याचे त्यानंतरचे कष्ट दान या सदरात जमा होत नाहीत. त्यांच्यासाठी आपल्या धर्मशास्त्रात वेगळे प्रकरण आहे, आणि ते प्रायश्चित्ताचे होय.

महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात पातके आणि प्रायश्चित्ते यांचा जो विस्तृत ऊहापोह केला आहे, तो चाळताना आधुनिक वाचकाला प्रथम त्या बारकाव्यांचा कंटाळा येतो आणि मग त्या बारकाव्यांतच त्या विचाराचे सामर्थ्य आहे असे दिसू लागते. नकळत केलेले आणि जाणूनबुजून केलेले, असा भेद स्मृतिकारांनी कसोशीने पाळला आहे. हाडे असलेले जीव आणि हाडे नसलेले जीव यांच्या हत्येसाठी मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात वेगवेगळी शुद्धी सांगितली आहे. हाडे नसलेल्या जीवाच्या हत्येला प्राणायाम पुरेसा मानला आहे, परंतु असे जीव गाडाभर मारले गेले तर मोठे व्रत नेमले आहे. ते व्रत शूद्राच्या हत्येसाठी नेमलेल्या व्रताइतकेच धरलेले आहे, आणि एका माणसाचे मोल कृमिकीटकांच्या गाड्याबरोबर जोखणारी ही तुला पाहिली म्हणजे डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली १९२७ साली महाडास मनुस्मृतीचे दहन का झाले ते निराळे सांगावे लागत नाही. ती तुला मोडून टाकावी. पण हाडे नसलेल्या क्षुद्र जीवाचीही हत्या हिशेबात धरली पाहिजे, आणि संख्या वाढली म्हणजे तो हिशेब जड होतो, एवढी जाणीव त्या ढिगाऱ्यातून उचलून घेण्यास हरकत नसावी.

या दृष्टीने पाहता जॉन्स्टनच्या इतिहासात एक विलक्षण उलटापालट आढळते. मुंगी आणण्याचे कृत्य नकळत झाले आणि ते निस्तरण्याचे कृत्य जाणूनबुजून करावे लागले. अपराध अबुद्धिपूर्वक, आणि प्रायश्चित्तात मात्र बुद्धिपूर्वक हिंसा. ज्या व्रताचे आचरणच दुसऱ्या पातकातून जाते ते व्रत पुण्यकारक म्हणता येत नाही, आणि तरीही ते टाळणाऱ्याला निर्दोष म्हणता येत नाही. मुंगी तशीच राहू देणे म्हणजे आपण केलेल्या कृत्याचा भार आंधळ्या झालेल्या पाखरांवर कायमचा टाकून देणे होय. म्हणून या कामाला पुण्यकर्म म्हणून गौरविणारे आणि हिंसा म्हणून धिक्कारणारे, असे दोन्ही पक्ष मला सारखेच घाईचे वाटतात. हे ऋण फेडण्याचे काम आहे, आणि ऋण फेडणाऱ्याच्या वाट्याला मोठेपणा येत नाही, तशी नामुष्कीही येऊ नये.

पापक्षालनाची साधने सांगताना मनूने, केलेल्या कृत्याचा उघड उच्चार म्हणजे ख्यापन, मनातील अनुताप, देहाने सोसलेले तप, आणि अध्ययन ही चार सांगितली आहेत, आणि ज्याला हे शक्य नाही अशा आपद्ग्रस्तासाठी दानाची सवलत ठेविली आहे. वैदिक अध्ययनाच्या जागी त्या बेटाचे, त्या मुंगीचे आणि त्या पाखरांचे सूक्ष्म निरीक्षण ठेवले, तर या हंगामी शिबंदीच्या दिनचर्येत यांतील बरेच काही अक्षरशः सापडते. नोंदवहीत कोठे किती विष पेरले आणि कोठे काय आढळले हे लपवाछपवी न करता लिहून ठेवणे हे ख्यापन नव्हे तर काय? क्षारयुक्त वाऱ्यात आणि डोक्यावरच्या उन्हात सहा महिने काढणे, आणि त्याहून अवघड म्हणजे एकही मुंगी न दिसता त्याच रेषांवरून शंभरदा फिरून शून्य लिहीत राहणे, हे तप आहे. प्रायश्चित्त आणि उपाय यांत जो भेद आहे तोही येथे स्पष्ट होतो. उपायाचे मोल त्याच्या यशावर ठरते. प्रायश्चित्त यशाची हमी घेऊन केले जात नाही. मिडवे या दुसऱ्या प्रवाळद्वीपावर २०१५ साली घरट्यांची मोजदाद करणाऱ्यांना माना आणि पाठी कुरतडलेले अल्बट्रॉस आढळले. कॅमेरे लावल्यावर रात्री घरट्यावर बसलेल्या जिवंत पक्ष्याला उंदीर खात आहेत असे दिसून आले. ते उंदीरही माणसाच्याच वसाहतीबरोबर आलेले. २०२३ साली तेथे विषारी आमिष टाकण्यात आले, आणि थोड्याच महिन्यांत काही उंदीर वाचल्याचे निष्पन्न झाले. त्याच बेटावर जमिनीखाली बिळे करून राहणाऱ्या पेट्रेल पक्ष्यांचे बीळ चालताना पायाखाली ढासळले, तर चालणाऱ्याने तेथेच गुडघे टेकावे, हातांनी वाळू उपसावी, आत पक्षी अडकलेला नाही याची खात्री करून घ्यावी आणि मगच पुढे जावे, असा दंडक आहे. जैन मुनी वाटेवरील जीव जपत पाऊल टाकतात त्या ईर्यासमितीशी याचे नाते उघड आहे. उंदरांसाठी विष आणि पायाखालच्या पाखरासाठी ही दक्षता, ही दोन्ही एकाच बेटावर घडतात, आणि त्यांत विसंगती नाही, कारण दोहोंच्या मुळाशी आपल्या पावलामागे काय घडले हे मागे वळून पाहण्याची एकच शिस्त आहे.

आता सर्वांत अवघड मुद्दा उरला. अपराध एकाचा आणि प्रायश्चित्त दुसऱ्याचे, हे कसे चालावे? धर्मशास्त्रात याला एक आधार आहे. पाच वर्षांहून मोठ्या आणि अकरा वर्षांहून लहान मुलाच्या हातून पाप घडले तर ते व्रत त्याच्या वतीने गुरूने किंवा सुहृदाने करावे, असे वचन निबंधकारांनी संग्रहित केले आहे. मूल अजाण असते, देहाने व्रत पेलण्याजोगे नसते, म्हणून मोठ्यांनी त्याची मुखत्यारी पत्करावयाची. जॉन्स्टन आणि मिडवे येथे हीच मुखत्यारी उलट दिशेने चालली आहे. ज्यांनी प्रवाळ खणले, अस्त्रे उडविली, जहाजांतून सामानाबरोबर मुंग्या आणि उंदीर उतरविले ते सारे मोठे होते, अधिकारपदांवर होते, आणि त्यांतील अनेकांचा जीवनप्रवास संपला आहे. यांतील बरेचसे घडले तेव्हा त्यांच्या वतीने झुडपाखाली रांगणारी मुले जन्मलीही नव्हती. लहानाचे प्रायश्चित्त मोठ्याने करावे यात वात्सल्य आहे. मोठ्यांचे प्रायश्चित्त लहानांवर सोपवावे यात एक प्रकारची लाजिरवाणी गोष्ट आहे, विशेषतः ते काम सहा महिन्यांच्या करारावर, उद्याच्या पोटाची शाश्वती न देता, त्यांच्याकडून करवून घेतले जाते तेव्हा.

या मुखत्यारीला मर्यादा कोठे आहे, याचे उत्तर मनूच्या त्या साधनांच्या यादीतच दडलेले आहे. तप दुसऱ्याच्या वतीने करता येते; ते ही मुले करीत आहेत. ख्यापन आणि अध्ययनही दुसऱ्याच्या वतीने होऊ शकते. त्यांच्या नोंदवह्या त्याची साक्ष देतात. दान तर दूर बसूनच करावयाचे असते, आणि वन्यजीवांच्या रक्षणासाठी वर्गणी पाठवून आपण सुटलो असे मानणाऱ्या सुखवस्तू मनुष्याने, ही सवलत मुळात आपद्ग्रस्तासाठी होती, एवढे ध्यानात ठेवावे. अनुताप मात्र कोणालाही कोणाच्या वतीने करता येत नाही. आणि अनुताप खरा की खोटा याची पारख शास्त्रकारांनी एकाच गोष्टीवर ठेविली आहे: तसे कृत्य पुन्हा करणार नाही, या निश्चयाने मनुष्य त्यापासून निवृत्त झाला की नाही. हवाईच्या वायव्येकडील कित्येक दूरस्थ बेटांवर पाऊल ठेवणाऱ्याने नवे कोरे किंवा केवळ त्याच बेटासाठी राखलेले कपडे वापरावेत, आणि ते आधी ४८ तास गोठवून ठेवावेत, म्हणजे एखादे बी किंवा कीटक त्यांतून जाणार नाही, असा कडक नियम आहे. ही निवृत्ती होय, आणि ती हंगामी कामगार काटेकोरपणे पाळतात. पण त्याच जॉन्स्टनवर मालवाहू अग्निबाण उतरविण्याची योजना २०२५ साली अमेरिकी हवाई दलाने पुढे मांडली, आणि विरोध झाल्यावर त्याच वर्षी ती स्थगित करण्यात आली. स्थगिती म्हणजे निवृत्ती नव्हे. आणि ज्या बेटावर शून्य लिहिण्यासाठी इतक्या तरुणांनी इतके हंगाम दिले, त्याच बेटावर पुन्हा अवजड सामान उतरविण्याचा विचार कोणाच्या तरी मेजावर येऊ शकतो, यावरून मुखत्याराने केलेले व्रत मूळ धन्याच्या अंतःकरणापर्यंत पोहोचलेले नाही हे सिद्ध होते.

त्या तरुणांनी मारलेल्या मुंग्यांचा दोष त्यांच्या माथी मारणे मला अन्यायाचे वाटते, आणि त्यांना पुण्यवान म्हणून मोकळे होणे त्याहून सोयीचे वाटते. त्यांनी आपल्या सर्वांचे एक कर्तव्य हाती घेतले, त्यातील जेवढे दुसऱ्याच्या हातांनी होण्यासारखे होते तेवढे केले, आणि जे होण्यासारखे नव्हते ते आपल्याकडे परत पाठविले. जगाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे वाटेल ती वस्तू वाटेल तेव्हा मागविणारा आजचा प्रत्येक मनुष्य, मग तो होनोलुलूचा असो की पुण्याचा, त्या जहाजांच्या फेऱ्यांत भागीदार आहे. त्याने बेटावर जाण्याची गरज नाही, विष कालविण्याचीही नाही. आपल्या सोयीच्या मागे कोणता जीव कोठे जाऊन पडतो याची चौकशी करणे, आणि ती चौकशी अडचणीची ठरली तर सोय सोडणे, एवढा भाग त्याच्या वाट्याचा आहे, आणि त्यासाठी कोणतीही शिबंदी नेमता येत नाही.